चंद्रीचं मीठ

बाईंनी चंद्रीचा कागद दोन बोटांनी उचलला आणि सगळ्यांना दाखवला. 'हे काय? गोधडी की जाळं?'

वर्ग हसला. चंद्री मुकी-बहिरी. हसणं तिला ऐकू आलं नाही, पण तोंडं दिसत होती.

स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती. उरणमधल्या एका बंगल्याच्या पडवीत मोठ्या घरच्या बायकांनी आम्हां लुळ्या-पांगळ्यांसाठी चित्रकलेचा वर्ग काढला होता. सकाळी यायचं, संध्याकाळी घरी. बाई पेन्सिलीने गुलाब, मोर, समई काढून द्यायच्या. आम्ही फक्त रंग भरायचे. स्वतःचं काही काढायची पद्धत नव्हती. चंद्रीने ती मोडली.

माझा डावा पाय लहानपणीच्या तापात वाळलेला. कुबडी घेऊन चालायचे. मी आणि चंद्री एकाच गावच्या, दोघींचे बाप मिठागरात. पण मी बाईंसारखं बोलायला शिकले होते. 'ही अगदी आमच्यातली वाटते,' असं बाई एकदा म्हणाल्या, तेव्हा मला कोण आनंद झाला होता! आता त्या आनंदाची लाज वाटते.

'तुमच्याच गावची ना ही? विचार, काय काढलंय,' बाई मला म्हणाल्या.

विचारायची गरजच नव्हती. ते आमचं मिठागर होतं. पाण्याचे चौकोन, मधले बांध, प्रत्येक चौकोनातल्या पाण्याचा रंग निराळा. कडेला मिठाच्या राशी. त्या तिने रंगवल्याच नव्हत्या. कागद तसाच पांढरा ठेवला होता. एवढी अक्कल आमच्यापैकी कुणालाच नव्हती. बाईंनाही नव्हती.

चंद्रीने माझ्याकडे बघून बोट जिभेला लावलं. मीठ. आमची दोघींची खूण.

'भूक लागली वाटतं!' बाई म्हणाल्या. पुन्हा हशा.

मी 'मिठागर' म्हणाले असते तर तोच हशा खाऱ्या पाण्यात राबणाऱ्या माझ्या बापावर गेला असता. माझ्यावर आला असता.

'काही नाही, बाई. नुसत्या रेघोट्या,' मी म्हणाले. आणि हसले. हो, मीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी पाहुणे येणार होते. चंद्री घरी गेल्यावर बाईंनी ब्रश माझ्या हातात दिला. 'अर्धवट आहे ते. तू शहाणी आहेस, भरून टाक.' मी भरलं. राशींची हिरवी झाडं केली. वर सूर्य काढला.

पाहुणे नेमके त्याच चित्रापुढे थांबले. 'आता या देशात सगळे समान,' असं काहीतरी बोलले. चंद्रीला चित्राखाली उभं केलं गेलं. तिने वळून पाहिलं. बोट थुंकीने ओलं केलं आणि हिरवं पुसायला लागली. कागद फाटला. बाईंनी तिच्या हातावर फटका मारला आणि माझ्याकडे वळल्या.

'उपकाराची जाण नाही. हिला खुणेने सांग, पाहुण्यांची माफी माग म्हणावं.'

मी हात उचलला. माझ्या नखांत हिरवा रंग अडकला होता. चंद्रीला तो दिसला. मी हात खाली घेतला. शिकलेली भाषा कुठे गेली कोण जाणे.

'न्हाय सांगनार. ता मीठ हाय, बाय. आमचा मीठ. मना ठावं व्हता. मीच नासवला.'

'काय ही भाषा!' बाई म्हणाल्या. तेवढंच त्यांना ऐकू आलं.

आम्ही दोघी बाहेर पडलो. वाटलं होतं, चंद्री माझा हात धरेल. नाही धरला. फाटका कागद घेऊन ती भराभर पुढे गेली, माझ्या कुबडीसाठी थांबली नाही. पुढे गावात कितीदा समोर आली. मी बोट जिभेला लावायचे. ती मान फिरवायची. तिने पुन्हा चित्र काढलेलं मी पाहिलं नाही. बाईंना काय दोष देऊ? त्यांना कळलं नव्हतं. मला कळलं होतं.

आता माझ्या ओटीवर वर्ग भरतो. कुणाचा हात अधू, कुणाचा पाय, कुणाला ऐकू येत नाही. गुलाब मी कुणालाच काढून देत नाही. परवा एक शिकलेली बाई बघायला आली. एका चित्रातल्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून म्हणाली, 'एवढं राहिलंय,' आणि ब्रश उचलला.

मी तिचं मनगट धरलं.

'राहिला न्हाय, बाय. ठेवलाय.'

तिच्या हातातून ब्रश सुटेपर्यंत मी मनगट सोडलं नाही. यापुढे कुणाचंच सोडणार नाही.