अकबरभाईंनी बघितलेली कॉलेजं

अकबरभाई पहिल्यांदा माझ्यासमोर येऊन बसले, तेव्हा मी त्यांना वाटेला लावायच्याच बेतात होते. नोव्हेंबरची दुपार, तीन मजले चढून गुडघे बोलायला लागलेले, टेबलावर बारावीच्या पोरांच्या अर्जांचा ढीग. रत्नागिरीतल्या आमच्या ज्युनियर कॉलेजात मी इंग्रजी शिकवते. बावीस वर्षांपूर्वी कुणीतरी "राजश्री मॅडमना विचारा" असं म्हणालं आणि पुढे कुठे शिकायला जायचं हे पोरांना सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं, ते आजतागायत. त्याला ना वेगळा तास, ना कुणाचा चांगला शब्द. नुसता डोक्याला ताप.

अकबरभाई पूर्णगडचे. मच्छीमार बोटीवर तांडेल, म्हणजे सुकाणू त्यांच्या हातात आणि आठ-दहा माणसांचा जीवही. त्यांची मुलगी अलफिया माझ्या वर्गात होती. तिला इतिहास शिकायचा होता आणि समुद्रातले जीवही, दोन्ही एकत्र. आपल्या खाडीत पूर्वी कुठली गलबतं यायची आणि आता तारली मासळी का येत नाही, हे तिच्या मते एकाच प्रश्नाचे दोन तुकडे. आपल्याकडे कुठल्याही कॉलेजात हे बोलून बघा, खिडकीतला माणूस विचारणार, आर्ट्स की सायन्स? पण पुण्याबाहेर डोंगरावर एक लिबरल आर्ट्सचं निवासी कॉलेज आहे. तिथे हे नुसतं चालत नाही, तिथे अशीच पोरं हवी असतात. अलफियाने त्याचं माहितीपत्रक इतक्या वेळा उघडलं होतं की ते घड्यांवर फाटलं होतं. अडचण एवढीच, की शंभर अर्जांतून पाच-सहा पोरं घेतात.

म्हणून मी नेहमीचंच केलं. यादीत वर तिचं कॉलेज आणि खाली तीन हमखास मिळणारी. ही तीन नावं मी वर्षानुवर्षं लिहीत आलेय, हात आपसूक चालतो. अलफिया यादी घेऊन घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी बाप हजर.

"मॅडम, ही खालची तीन तुमी बगलात काय?"

"त्यात बघायचं काय? वरचं हुकलं तर हाताशी असावीत म्हणून लिहिलीत."

"ते बरोबर हाय. पण बगलात काय?"

माझा पारा चढला. "अकबरभाई, मी शिकवू की गावोगाव कॉलेजं बघत फिरू?"

माणूस जराही चिडला नाही. "वारा फिरला नि पूर्णगड गाठता नाय आलं, तर कुठं शिरायचं ते मी आदीच ठरवून निघतो," ते म्हणाले. "पण जी खाडी मी सोता बगली नाय तिचं नाव घेत नाय. तोंडाशी वाळू किती, बोट आत जाईल की रुतेल, म्हायत नको? नायतर वादळातून वाचायचं नि वाळूत फुटायचं."

ते गेले आणि मला ओमकार आठवला. देवरूखचा पोरगा, सहा वर्षांपूर्वीचा. त्यालाही असंच काहीतरी निराळं शिकायचं होतं. वरचं हुकलं, माझ्या यादीतलं तिसरं मिळालं, तो गेला आणि दिवाळीच्या आत परत आला. आता एसटी स्टँडसमोर मोबाईलची कव्हरं विकतो. "टिकला नाही हो," असं मी सगळ्यांना सांगत आले होते. त्या संध्याकाळी त्याच्या टपरीवर थांबले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं, तिथे झालं काय होतं रे?

"काही नाही हो मॅडम, चांगली होती माणसं," तो म्हणाला. "पण तिथे कुणी काही विचारायचंच नाही. चार महिन्यांत मी एक प्रश्न विचारला नाही. मग वाटलं, इथे बसून काय करायचं?" आणि वर मलाच म्हणतो, स्क्रीनगार्ड बदलून देऊ का. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी अलफियाला बसवलं आणि विचारलं, तुला त्या डोंगरावरच्या कॉलेजात नेमकं काय आवडतं ते सांग. इमारत नको, नाव नको. तिने बराच विचार केला. दोन्ही विषय एकत्र घेता यावेत, वर्गात पोरं थोडी असावीत, सरांशी बोलता यावं, राहायची सोय असावी आणि शिष्यवृत्ती असावी. मग हे सगळं जिथे आहे पण दरवाजा जरा मोठा आहे, अशी कॉलेजं आम्ही शोधायला घेतली. तीन आठवडे गेले, जीव मेटाकुटीला आला. फोन उचलायचे नाहीत, उचलले तर दुसऱ्याकडे द्यायचे. शेवटी तीन सापडली. एक पुण्यातलं, एक बंगळूरचं, एक गुजरातेतलं.

जानेवारीत बोटीचं इंजिन दुरुस्तीला गेलं आणि अकबरभाई कॉलेजं बघायला गेले. अहो, खरंच गेले! दहा दिवसांनी थेट आमच्या स्टाफरूममध्ये आले. मी अलफियाला बोलावून घेतलं.

"गुजरातेतल्याचं नाव काटा," ते म्हणाले. "इमारत झकास. पण पोरं एकटी एकटी जेवतात. एकाला इचारलं, तुजे सर कोण? त्याला नाव सांगता नाय आलं. बंगळूरचं बरं हाय. डाळीत पाणी, पण पोरं एकमेकांच्या ताटातलं खातात."

"आणि पुण्यातलं?" अलफियाने विचारलं.

"पुण्यातलं..." अकबरभाईंचा चेहरा खुलला. "एक मॅडम झाडाखाली शिकवीत होत्या. एक पोरगी उठली, म्हणाली, मॅम, तुमी चुकताय. मला वाटलं, आता हिची खैर नाय. तर मॅडम म्हणाल्या, बरं, कुठं ते दाखव. तासभर चाललं त्यांचं. मी थय उभाच ऱ्हायलो. मला कायपण समाजलं नाय, पण हलवेना."

अलफिया हसली. कोण पोरगी, काय चुकलं होतं, कुठलं झाड, पुन्हा पुन्हा विचारत बसली. पुढच्या आठवड्यात तिच्या वहीत त्या फाटक्या माहितीपत्रकाशेजारी पुण्यातल्याचंही दिसलं.

एप्रिलमध्ये माझ्याच कॉम्प्युटरवर डोंगरावरच्या कॉलेजचं उत्तर आलं. नाही म्हणाले. गोड भाषेत, पण नाही. अलफियाने ते दोनदा वाचलं आणि टेबलावर डोकं ठेवून रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. इतक्या पोरांना इतकी वर्षं धीराचं तेच तेच बोलून झालंय की आता माझं मलाच ऐकवत नाही. बऱ्याच वेळाने तिने ओढणीने तोंड पुसलं.

"मॅडम, ती 'तुम्ही चुकताय' म्हणणारी मुलगी आहे ना, त्या कॉलेजचं आलंय का बघू या?"

आलं होतं. घेतलं होतं तिला, शिष्यवृत्तीसकट. ती काहीतरी मिळालं म्हणून हसली नाही, नीट हसली. तो फरक मला बावीस वर्षांत चांगला कळायला लागलाय.

दोन दिवसांनी अकबरभाई सही करायला आले. गुडघे ठणकत होते, पंखा बंद होता, पण एक गोष्ट मनात राहिली होती.

"अकबरभाई, एवढे फिरलात. ते पहिलं, डोंगरावरचं, कसं होतं हो?"

"गेटापर्यंत गेलो, मॅडम. बस तिथनंच जाते. उतरलो पण. आत नाय शिरलो."

"तुम्ही? न बघता परत आलात?"

"बगितलं असतं तर आवडलं असतं," ते म्हणाले. "मग घरी येऊन बाकीच्यांचं सांगताना माजं तोंड पडलं असतं. पोरगी माजं तोंड बरोबर वळखते."

आणि सही कुठे करायची ते विचारलं.