दोनशे तीस व्होल्टची भाकरी

लग्न ठरलं तेव्हा सगळ्यांनी मला सांगितलं, नवरा विज्ञानाचा शिक्षक आहे, विजेची म्हणून काही चिंता नाही. खरंच नाही. फ्यूज उडाला की तो का उडाला हे आमचे हे अर्धा तास समजावून सांगतात. बसवायला वायरमन येतो.

मी वैरागची. येताना आईकडून एकच विद्या आणली, ज्वारीची कडक भाकरी. पातळ थापायची, मंद आचेवर पार वाळेपर्यंत भाजायची, मग ती महिनाभर टिकते. लेक शिकायला बाहेरगावी गेली आणि भवानी पेठेतल्या आमच्या घरात दिवस संपेना, तेव्हा मी या भाकऱ्या विकायचं ठरवलं. गॅसवर भाजणार होते. पण घरात एवढा विद्वान असताना गॅस कसा चालेल? यांनी विजेची शेगडी आणली आणि कागदावर गणित मांडलं.

"दोन हजार वॅट भागिले दोनशे तीस व्होल्ट, करंट आठ पूर्णांक सात अँपिअर. व्होल्टेजला करंटने भाग, रेझिस्टन्स साधारण साडेसव्वीस ओहम. रोज तीच उष्णता. आता भाकरी बिघडली तर दोष शेगडीचा नाही."

कागद ओट्यावर चिकटवला, गणपतीच्या कॅलेंडरशेजारी. दर्शनाला बरं.

पहिल्या शुक्रवारी भाकऱ्या अशा झाल्या की बाजारातल्या एका दुकानदाराने एक तोडून खाल्ली आणि लगेच पन्नास सांगितल्या. त्या मी शनिवार-रविवारी भाजून पाठवल्या. मंगळवारी तो त्या सगळ्या परत घेऊन आला.

"ताई, कडक म्हणला व्हता की तुमी. ही तर रुमालागत घडी व्हतीया. या शनिवारी अजून एकदा बगतो. तवा बी अशीच आली तर राहू द्या."

यांनी एका भाकरीची घडी घातली, उलगडली, आणि निकाल दिला. "शेगडी दोन हजार वॅटचीच आहे. तुझा हात बिघडलाय. वयोमानाने होतं." एवढ्यावर थांबतील तर ते शिक्षक कसले? आईचा फोन आला, तर तिलाही तेच ऐकवलं.

मला राग आला. त्याहून वाईट म्हणजे ते खरं वाटलं. ज्या हातावर आईने वीस वर्षं लक्ष ठेवलं, तोच हात परातीत घालायची मला भीती वाटायला लागली. स्वयंपाकघराचं दार लोटून मी रडले. नळ सोडून ठेवला होता, आवाज नको म्हणून.

गुरुवारी दुपारी पुन्हा थापायला बसले. मागच्या गल्लीत यंत्रमागांची खटखट चालू होती. इतकी वर्षं ऐकून ती ऐकू येईनाशी झालेली. पण त्या दिवशी डोक्यात आलं, पहिल्या शुक्रवारी खटखट नव्हती. शुक्रवारी त्या मागांना सुट्टी असते. आणि त्या दिवशी आमचा पंखाही तोंडावरचा पदर उडवत होता. एरवी दुपारी तो उपकार केल्यासारखा फिरतो. कंडेन्सर गेलाय, असं यांचं संशोधन होतं.

मी वायरमनला बोलावलं. त्याने बोर्ड उघडून मीटर लावला, शेगडीच्या तारेला करंट मोजायचा चिमटा लावला.

"वैनी, व्होल्टेज एकशे ऐंशीच हाय की हितं. करंट सहा पूर्णांक आठ. माग चालू झालं की लाईन अशीच बसती. पेठंत सगळ्यास्नी ठावं हाय."

सगळ्यांना ठाऊक होतं. शिकवणाऱ्यालाच काय ते ठाऊक नव्हतं, कारण पुस्तकातल्या गणितात व्होल्टेज आयतं दिलेलं असतं.

मी कला शाखेची. तरी साखरेच्या पुड्याच्या कागदावर मांडलं. एकशे ऐंशी भागिले सहा पूर्णांक आठ, साडेसव्वीस. म्हणजे यांचाच आकडा, शेगडी धडधाकट. मग एकशे ऐंशी गुणिले सहा पूर्णांक आठ, बाराशे चोवीस. दोन हजार वॅट म्हणून जिची आरती चालली होती, ती दुपारभर बाराशेवर भाकऱ्या नुसत्या शेकत होती. गुणाकार मी तीनदा केला. तिन्ही वेळा माझा हात निर्दोष सुटला.

संध्याकाळी हे वह्या तपासत बसले होते. मी तो कागद वह्यांवर ठेवला. यांनी तो वाचला आणि लाल पेनाने लिहिलं, 'उत्तर बरोबर. एकक लिहिले नाही. अर्धा गुण वजा.'

शुक्रवारी माग बंद, पंखा जोरात. पन्नास भाकऱ्या भाजल्या. शनिवारी दुकानदाराने एक मोडून पाहिली आणि दर आठवड्याला पाठवा म्हणाला.

मी स्पीकर लावून यांच्यासमोर फोन ठेवला. "आईला सांगा."

यांनी चष्मा पुसला, घसा साफ केला, आईला आधी व्होल्टेज म्हणजे काय ते सांगितलं. शेवटी म्हणाले, "तर चूक माझी होती. तिचा हात चांगलाच आहे."

"ते मला ठावं व्हतं, जावईबापू," आई म्हणाली. "तुमी बोलला तवा बी ठावं व्हतं. माझी लेक त्या दिवशी रडली का, तेवढं सांगा."

यांनी माझ्याकडे पाहिलं. मीच फोन घेतला.

"रडले गं आई. हे बाहेर वह्या तपासत होते."