खारट की अळणी

समुद्र कधीही न पाहता त्याची चव अचूक ओळखणारा माणूस उभ्या जगात एकच आहे आणि तो वडनेर भोलजीत आमच्या शेजारी राहतो. गाव त्यांना कूलरवाले काका म्हणतं. कूलरच्या फुटलेल्या फायबरच्या टाक्या सांधणं हा त्यांचा धंदा. पण फुटकी वस्तू कुणाचीही असो, काकांना राहवत नाही. चहावाल्याची खुर्ची, आमची बादली, सगळ्यांना त्यांची ठिगळं आहेत. माझ्या हेल्मेटला त्यांनी आतून ठिगळ लावलं, तेव्हापासून त्यात डोकं शिरत नाही. तक्रार केली तर म्हणाले, "हेल्मेट पक्कं झालं नं? आता डोकं कमी कर."

काकांची एकुलती एक लेक मालवणकडे लोकांना लाटांवर उभं राहायला शिकवते. वर्षातून एकदा यायची आणि दोन दिवसांत पळायची. काकांच्या ते फार जिवाला लागायचं, पण बोलायचे नाहीत. मागच्या उन्हाळ्यात ती आली ती सात फुटी सर्फबोर्ड ट्रॅव्हल्सच्या टपावर बांधूनच. खडकावर आपटून त्याला भेग पडली होती आणि तिकडे दुरुस्तीला नव्या कूलरएवढे पैसे मागत होते. काकांनी फळीभोवती तीन चकरा मारल्या, भेगेला बोट लावलं आणि चाखलं. "खारट आहे. आत पाणी पेली हे. तसंच वरून फायबरचं कापड लावलं तं फुगते."

मग रोज सकाळी भेग गोड्या पाण्यानं धुवायची, चाखायची आणि फळी सावलीत उभी करायची. "अहो, आधी दात तं घासा!" काकू ओरडायच्या. मीठ गेलं, फळी वाळली, तेव्हा कूलरचंच फायबरचं कापड आणि रेझिन लावून काकांनी पॉलिश पेपरनं ती अशी घासली की सांधा सापडेना. पण वरचा चिकट थर त्यांना मळ वाटला, तोही त्यांनी घासणीनं खरवडून टाकला. लेक ऐटीत फळीवर उभी राहिली आणि सटकून थेट काकूंच्या वाळत घातलेल्या कुरडयांत जाऊन बसली. "बाबा, पाय सटकू नये म्हणून मेण लावलं होतं नं ते!" मग बुद्धवंदनेच्या मेणबत्त्यांचे उरलेले तुकडे खोबरेलात वितळवून काकांनी नवं मेण केलं. कुरडया मात्र सांधता आल्या नाहीत.

या सगळ्यात लेक चक्क दहा दिवस राहिली. ती गेल्यावर काका ओट्यावर बसून होते. "लय पक्की करून देली मी," ते म्हणाले. "आता काऊन येईन पोरगी?" त्यांचं खरं होतं. दिवाळीतही ती आली नाही.

परवा, काकूंच्या कुरडया पुन्हा खाटेवर वाळत असताना, ती फळी घेऊन दारात हजर. नवी भेग. "खडक लागला, बाबा," ती खाली बघत म्हणाली. काकांनी भेगेला बोट लावलं, जिभेवर टेकवलं आणि बराच वेळ लेकीकडे पाहत राहिले. मग मोठ्यानं म्हणाले, "बाप्पा! लयच पाणी पेली हे. पंधरा दिवस तरी लागतीन."

"लागू द्या," ती चटकन म्हणाली. काकू लगबगीनं कुरडया आत नेऊ लागल्या.

काका पाणी आणायला वळले तेव्हा मी हळूच भेगेला बोट लावून चाखलं. कोरडी ठणठणीत. मिठाचा कणही नव्हता.

घरी येऊन मी पुण्याच्या माझ्या मुलाला फोन लावला आणि विचारलं, "काय रे, तुझं हेल्मेट-बिल्मेट काही फुटलंय का?"