पाठीतून की छातीतून?

"मणक्यातली गादी पुढून दाबतेय, आणि हाडासारखी कडक झालीय. उशीर केलात तर पाय जातील," एमआरआय आणि सीटी स्कॅन बघून डॉक्टर म्हणाले. आई शेजारीच बसली होती.

आजाराचं नाव थोरॅसिक डिस्क हर्निएशन. छातीमागच्या मणक्यांमधली गादी सरकते आणि मज्जारज्जू दाबते. दोन महिने आईच्या पायातून चप्पल निसटायची, तिला कळायचं नाही. पाठ दुखायची, म्हणून आम्ही समजलो लचक भरलीय. मी पायाळू, जन्मताना पाय आधी आलेला. पायाळूनं पाठीला पाय लावला की लचक निघते, असं आमच्या केजकडे मानतात. बीएस्सी झालेल्या मी तीन सकाळी आईच्या पाठीला पाय लावला.

डॉक्टरांना हे सांगताना मान वर होईना.

"गादी अशी कडक व्हायला वर्षं लागतात. तुमच्या पायानं झालं नाही. पण दिवस वाया गेले."

शस्त्रक्रिया दोन प्रकारची, दोन्ही लहान छेदाच्या. पाठीतून नळी घातली तर छातीला धक्का नाही, माणूस लवकर उठतो. गादी मऊ आणि कडेला असेल तर तीच बरी. आईची मधोमध होती. दुसरी थोरॅकोस्कोपी: बरगड्यांमधून दुर्बीण घालायची, एक फुफ्फुस तेवढ्यापुरतं मिटवायचं, गादी समोरून काढायची.

मामा भडकला. "पाठीचं दुखणं अन् छातीला भोकं कावून पाडायची रे? लई शिकला म्हणून?"

"शिकलाय त्यो, दादा. त्यालाच ठरवू दे," आई म्हणाली.

शिकल्याची मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली.

मी डॉक्टरांना विचारलं, "पाठीतून गेलात आणि गादी निघाली नाही तर?"

"अर्धी सोडावी लागेल. ओढाताण केली तर मज्जारज्जू दुखावेल. छातीतूनही धोका आहे, पण रज्जूला न हलवता काम होतं."

मी छातीतून करायला सही केली.

पाच तास बाकावर. मामानं तंबाखू मळली आणि तोंडात टाकायची विसरला.

शुद्धीवर आल्यावर आई बरगड्यांच्या कळेनं कण्हत होती. छातीत साचलेली हवा-पाणी काढायला नळी होती. डॉक्टरांनी तळपायावरून पेनाचं टोक ओढलं. पाय झटकन मागे गेला.

"गुदगुल्या कावून करता, डाक्टर?"

मामा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

तीन महिने झाले. आई घरात काठीशिवाय चालते. डावा पाय अजून घासतो. तुमच्यावर ही वेळ आली तर छेद केवढा हे नंतर विचारा. गादी कुठं आहे, कडक आहे का, हे आधी. मी तेच तीनदा विचारलं. तिन्ही वेळा डॉक्टरांनी कागदावर मणका काढून दाखवला, चिडले नाहीत. त्यांचे हे उपकार मोठे.