आईच्या गळ्यातलं हाडाचं पदक

आज आईच्या पदकाचा दोरा बदलायला तिला घेऊन इंदिरानगरच्या सोनाराकडे गेलो होतो. पदक म्हणजे टिकी, पॅसिफिक बेटांवरची डोळे वटारलेली मूर्ती. ऐंशीच्या दशकात बाबांनी मासिकातला फोटो बघून म्हशीच्या हाडातून अशी दोन पदकं कोरली. एक आईला, एक स्वतःला.

सोनार म्हणाला, "काकू, पिवळं पडलंय. पॉलिश करून पांढरं करून देतो."

आईने ते मुठीत घेतलं. "नको. आमचे हे म्हणायचे, हाड अंगावर राहिलं की पिवळं होतं. असू दे तसंच."

घरी येऊन तिने बाबांच्या फोटोला अडकवलेलं त्यांचं पदक काढलं. तिचं मधासारखं झालंय. त्यांचं मात्र, ते गेले तेव्हा होतं तेवढंच पिवळं.

आता दोन्ही तिच्या गळ्यात आहेत. बाबांच्या पदकाला तिचा रंग यायला किती वर्षं लागतील हो?