नणंदेचे जंतू

"इतकी वर्षं दही लावलं म्या, अन् तुमच्या पोटात जंतू जाणार बहिणीचे?" शरणम्मानं विचारलं.

"माझ्या पोटासाठी तपासणी दोघींची झाली. तू सर्दीला मेडिकलातल्या अँटिबायोटिक गोळ्या खाल्ल्यास, त्यानं तुझे चांगले जंतू मेले. गंगव्वाच्या शौचातले निरोगी निघाले. डॉक्टरनं त्याच्याच कॅप्सूल केल्या," मल्लिनाथ म्हणाला.

तामलवाडीच्या माहेरचं विरजण तीस वर्षं न मोडता शरणम्मानं त्याचं दुखरं पोट सांभाळलं होतं.

"तीन महिने थांबा. गोळ्यांचा असर उतरला की माझे देते."

"तवर संडासातच बिऱ्हाड करू व्हय?" त्यानं कॅप्सूल तळहातावर घेतली. "थोडं ताक दे. तुझ्या हातचं असलं की उतरंल."

शरणम्मानं ताकाचं गाडगं उचललं अन् ते घेऊन ती बाहेर निघून गेली.