कोहिनूरच्या शिवारातला पाहुणा

सोलापूरहून सकाळची पहिली गाडी धरली तेव्हा स्वारी खुशीत होती. पिशवीत शेंगाचटणी, अंगात शिवराजनं घेऊन दिलेला स्वेटर. उमरगा मागे पडल्यावर पाट्या कन्नड झाल्या. शेजारच्या आजोबांचं मराठी मात्र तसंच राहिलं आणि तूर, करडई नि माझं लग्न या तीन विषयांवर त्यांनी मला बसवकल्याणपर्यंत पिडलं.

स्टँडवर शिवराज मोटारसायकल घेऊन उभा होता. तो शाळामास्तर. गेली सहा वर्षं आमचं एकमेकांवर प्रेम आहे. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितोय. तोंडातून तर त्याच्यापाशीही कधी काढलं नाही. एरवी तो सोलापूरला येतो. येळवशीला (मार्गशीर्ष अमावास्येचा शेतातला सण) मी त्याच्या गावी, कोहिनूरला जातो. त्या दिवशी वाटेनं जाणाऱ्यालाही हाताला धरून जेवायला बसवतात, त्यामुळे मी कोण, हे कुणी विचारत नाही. निदान मला तसं वाटत होतं.

शिवारात ज्वारी छातीला लागत होती. कडब्याच्या कोपीत (खोपटात) चुना लावलेले पाच दगड मांडून पूजा झाली, पिकावर आंबील शिंपडली. मग पंगत. भज्जी (पालेभाजी, शेंगादाणे आणि बेसनाची दाट भाजी), बाजरीचे उंडे (उकडलेले गोळे), मडक्यातली गार आंबील. मी लाज सोडून जेवलो.

हात धुताना शिवराजचे वडील, अप्पा, जवळ आले. "सा वरसं झाली, दर येळवशीला येताव. आमाला काय कळत न्हाई व्हय? महानंदा पसंत हाय, शिवराजनं सांगितलं परवा. पुढल्या येळवशीला जोडीनं पूजेला बसा."

महानंदा ही शिवराजची धाकटी बहीण. 

शिवराजला मी तुरीत ओढत नेलं. "तू सांगितलंस?"

"मग काय करू? माझंबी लगीन ठरवायलेत. तू जावई झालास तर कवाबी ये, कोन इचारतंय?"

"आणि महानंदा?"

"तिला काय तरास देनार हाईस तू?"

हे तो अगदी मनापासून म्हणाला.  सहा वर्षं ज्याच्या मायेवर जगलो, त्यानं सख्ख्या बहिणीची आडोशासाठी भिंत केली होती.

कोपीपाशी येऊन मी म्हणालो, "अप्पा, मला लग्न करायचं नाही. कुणाशीच नाही."

महानंदा भांडी आवरत होती. तिनं सरळ माझ्याकडे पाहिलं. "कामून? माझ्यात काय कमी हाय?"

"काहीच नाही."

"मग?"

मागून शिवराज घाईनं म्हणाला, "त्याचं सोलापुरात ठरलंय एका पोरीसंगं. मला आत्ताच कळालं."

सगळे माझ्याकडे बघत राहिले. मी होकारार्थी मान हलवली. अप्पांनी टोपी डोक्यावर घातली आणि बैलांकडे गेले. महानंदानं तरीही उरलेले उंडे माझ्या पिशवीत बांधून दिले.

शिवराजनं मला परत स्टँडवर आणून सोडलं. गाडी लागली तेव्हा मी विचारलं, "शिवराज, मी तुझा कोण?" सहा वर्षांत हा प्रश्न मी पहिल्यांदा केला. त्यानं आजूबाजूच्या गर्दीकडे पाहिलं, दोन पावलं मागे सरकला आणि मोठ्यानं म्हणाला, "बराय सर, जपून जावा. नमस्कार."

सर! मी हबकलोच. उमरगा येईपर्यंत संतापानं धुमसत होतो. सोलापूर जवळ आलं तसा संताप उतरला आणि तो क्षण नीट आठवला. गाडीच्या पायरीवरून, चार लोकांदेखत, मीही त्याला हात जोडून "नमस्कार सर" म्हणालो होतो.